झाकण्याची नीती : ग्रीक मृत्पात्रांवरील पुराणचित्रे आणि परदुःखाचे दर्शन

दुसऱ्याच्या दुःखाचे चित्र पाहताना सुख का व्हावे, हा प्रश्न सौंदर्यशास्त्राचा आहे तितकाच नीतिशास्त्राचाही आहे. अ‍ॅरिस्टॉटलने आपल्या 'काव्यशास्त्रा'च्या चौथ्या प्रकरणात त्याचे एक उत्तर दिले आहे. प्रत्यक्षात ज्यांचे दर्शन क्लेशकारक होते अशा वस्तूंच्या यथातथ्य प्रतिमा पाहताना माणसाला आनंद होतो, असे तो सांगतो आणि उदाहरणादाखल हीन प्राणी व प्रेते यांचा उल्लेख करतो. या आनंदाचे मूळ त्याच्या मते ज्ञानात आहे. चित्रातील आकृती कोणाची हे पाहणारा ओळखतो आणि ओळखणे हे माणसाला स्वभावतःच सुखद असते.

अ‍ॅरिस्टॉटलच्या गुरूने मात्र प्रेतदर्शनाची एक निराळी कथा सांगितली आहे. प्लेटोच्या 'रिपब्लिक'च्या चौथ्या पुस्तकातील लिऑन्टियस पायरीअसहून अथेन्सकडे येत असता नगराच्या तटाबाहेर वधकापाशी पडलेली प्रेते त्याला दिसतात. ती पाहण्याची त्याला अनिवार इच्छा होते आणि त्याच क्षणी त्या इच्छेची किळसही येते. काही काळ तो तोंड झाकून स्वतःशी झगडतो. अखेर हरतो, डोळे विस्फारून प्रेतांकडे धावतो आणि आपल्या डोळ्यांनाच शिव्याशाप देतो. येथे पाहण्याने ज्ञान होत नाही. येथे पाहणे ही एक वासना आहे.

वरवर पाहता या दोन भूमिकांत विरोध नाही. प्लेटो प्रत्यक्ष प्रेताविषयी बोलतो, तर अ‍ॅरिस्टॉटल प्रेताच्या प्रतिमेविषयी. कलेने प्रेताचे चित्र केले की लिऑन्टियसची वासना निवळते आणि तिच्या जागी ज्ञानाचा निर्मळ आनंद येतो, असा समेट सुचवता येईल. परंतु हा समेट फार सुलभ आहे. चित्राच्या चौकटीत शिरताना लिऑन्टियस आपली वासना बाहेर ठेवून येतो, याला प्रमाण काय? परदुःखाच्या दर्शनाला कलेमुळे शुद्धी मिळते, की त्या दर्शनाची चटक तेवढी सभ्य होते? या प्रश्नाचा कस लावून पाहण्यासाठी एक साधनसामग्री विशेष उपयुक्त आहे. ती म्हणजे प्लेटो व अ‍ॅरिस्टॉटल यांच्या आधीच्या दोन शतकांत अथेन्सच्या कुंभारांनी व चित्रकारांनी घडवलेली पुराणकथांकित मृत्पात्रे.

या पात्रांचे वैशिष्ट्य असे, की ती भिंतीवर टांगण्याची चित्रे नव्हती. अँफोरा हा तेल वा मद्य साठवण्याचा दोन कानांचा कुंभ, क्रेटर हे मद्यात पाणी मिसळण्याचे भांडे, हायड्रिया ही पाण्याची घागर, तर कायलिक्स हा पसरट चषक. आज ऑक्सफर्ड येथील बीझली संग्रहात अशा एक लाखाहून अधिक पात्रांच्या नोंदी आहेत. त्यांतील असंख्य पात्रांवर ट्रॉयच्या युद्धातील वध, विटंबना आणि विलाप रंगवलेले आहेत. शोकात्मिकेच्या प्रेक्षकाला रंगमंचापासून अंतर असते आणि वर्षातील ठरावीक उत्सवात तो मुद्दाम तेथे जातो. मृत्पात्राचा पाहणारा ते हातात धरतो, कलते करतो, ओठांना लावतो. शोकात्मिकेत वध सामान्यतः पडद्याआड होतो आणि दूत येऊन त्याचे वर्णन करतो. भरताच्या 'नाट्यशास्त्रा'तही युद्ध, राज्यभ्रंश, मरण आणि नगराचा वेढा या गोष्टी अंकात प्रत्यक्ष न दाखवता प्रवेशकातून सूचित कराव्यात, असा दंडक आहे. मृत्पात्राजवळ दूतही नाही आणि प्रवेशकही नाही. काय दाखवायचे आणि काय नाही, याचा निर्णय तेथे चित्रकाराला एकट्यालाच आणि एकाच क्षणाच्या आधारे घ्यावा लागतो.

हा निर्णय सर्वांनी सारखाच घेतला नाही, हे प्रथम मान्य केले पाहिजे. ब्रिटिश म्युझियममध्ये इ.स.पू. ५७० ते ५५० च्या सुमाराचा एक अथेनियन अँफोरा आहे. त्यावर प्रायमची कन्या पॉलिक्झेना हिचा अकिलीझच्या थडग्यापाशी दिलेला बळी चितारला आहे. तीन योद्ध्यांनी तिला एखाद्या ओंडक्यासारखे आडवे उचलून धरले आहे, नीऑप्टोलेमस तिच्या गळ्यात शस्त्र खुपसत आहे आणि रक्ताची धार खाली पडत आहे. व्यक्तींची नावे बाजूला लिहिलेली आहेत. म्हणजे अ‍ॅरिस्टॉटलला अभिप्रेत असलेली ओळख येथे पूर्णपणे साधते. नव्हे, अक्षरांनी पक्की केली जाते. तरीही या ओळखीतून पॉलिक्झेनेविषयी काही समजते असे म्हणता येत नाही. गुंडाळलेल्या वस्त्रात तिचे शरीर एक ताठ, निश्चल वस्तू झाले आहे. चित्राने कथा अचूक सांगितली आहे. पण जे बळी देणाऱ्यांनी तिचे केले तेच चित्रानेही केले आहे. केवळ ओळख हा कलेच्या निर्दोषत्वाचा पुरावा होऊ शकत नाही, इतके या एका पात्रावरून निश्चित होते.

याच्या अगदी दुसऱ्या टोकाला एक्सेकियास उभा आहे. इ.स.पू. सहाव्या शतकाच्या तिसऱ्या चरणात अथेन्समध्ये काम करणारा हा कुंभार आणि चित्रकार काळ्या आकृतींच्या शैलीचा सर्वश्रेष्ठ कलावंत मानला जातो. फ्रान्समधील बुलोन्य-स्यूर-मेर येथील संग्रहालयात त्याचा एक अँफोरा आहे. विषय अ‍ॅजॅक्सच्या आत्महत्येचा. अकिलीझच्या मृत्यूनंतर त्याची शस्त्रे आपल्याला न मिळता ओडिसियसला मिळाली, या अपमानाने भ्रमिष्ट झालेल्या अ‍ॅजॅक्सने गुरांचे कळप शत्रू समजून कापून काढले आणि शुद्धीवर आल्यावर लाजेपोटी स्वतःला तलवारीवर झोकून दिले, ही कथा ग्रीकांना परिचित होती. एक्सेकियासच्या आधी कॉरिंथच्या चित्रकारांनी तलवारीवर पडलेला देह दाखवला होता. एक्सेकियासने तो दाखवला नाही. त्याचा अ‍ॅजॅक्स वाकून बसला आहे आणि जमिनीत रोवलेल्या तलवारीभोवतीची माती हातांनी दाबून घट्ट करीत आहे. मागे एक ताडासारखे झाड, पुढे टेकवून ठेवलेली ढाल, शिरस्त्राण आणि भाले. कपाळावर कोरलेल्या काही रेषा. चित्रात दुसरे कोणीही नाही.

हा क्षण निवडण्याचे समर्थन लेसिंगच्या 'लाओकून' (१७६६) या ग्रंथाच्या आधारे सहज करता येते. चित्रकाराच्या वाट्याला एकच क्षण येतो, म्हणून त्याने तो परमोच्च बिंदूचा निवडू नये. कारण त्या बिंदूच्या पलीकडे कल्पनेला जायला जागा उरत नाही, असे लेसिंगचे प्रतिपादन आहे. टिमोमॅकस या चित्रकाराच्या आज नष्ट झालेल्या अ‍ॅजॅक्सच्या चित्राचा दाखलाही त्याने दिला आहे. त्या चित्रात कत्तलीनंतर थकून बसलेला, आत्महत्येच्या विचारात गढलेला अ‍ॅजॅक्स होता. लेसिंगचा सिद्धांत एक्सेकियासला चपखल लागू पडतो. मात्र तो पाहणाऱ्याच्या कल्पनाशक्तीच्या सोयीचा आहे, अ‍ॅजॅक्सच्या बाजूचा नाही. मर्ढेकरांच्या परिभाषेत संवाद, विरोध आणि समतोल या लयतत्त्वांच्या आधारे या रचनेचे विश्लेषण केले, तरी हीच मर्यादा जाणवते. वाकलेली पाठ आणि उभे झाड यांचा विरोध, एका बाजूला माणूस आणि दुसऱ्या बाजूला त्याची निर्मनुष्य शस्त्रे यांचा समतोल, हे सारे तेथे आहे. त्यामुळे चित्र सुंदर का हे कळते. ते न्याय्य का हे कळत नाही.

ते न्याय्य आहे, कारण निवडलेल्या क्षणी अ‍ॅजॅक्स अजून कर्ता आहे. तो माती दाबतो आहे. शेतकऱ्याने रोप लावावे किंवा कारागिराने खुंटी ठोकावी तितक्या काळजीने तो एक काम नीट करतो आहे. मृत्यूनंतर त्याचा देह इतरांच्या हाती जाणार. त्याला पुरावे की नाही यावर वाद होणार. त्याच्यावर कोणी हसणार, कोणी रडणार. या एका क्षणात मात्र तो कोणाच्याही दयेचा विषय झालेला नाही. उठून निघून जाणे अजून त्याला शक्य आहे आणि तो जात नाही. पॉलिक्झेनेच्या चित्राने बळीला वस्तू केले. एक्सेकियासने मरू घातलेल्या माणसाला त्याचा निर्णय परत दिला. दुःखभोग्याला कर्तेपण परत देणे, हे परदुःखाच्या चित्रणाचे पहिले नैतिक प्रमेय म्हणून मांडता येईल.

परंतु या प्रमेयावर थांबण्यात एक धोका आहे. मृत्यूपूर्वीचा क्षण दाखवणारी कला मृत्यूचा हिशेब टाळते. एकाकी वीराच्या निर्णयाला जे तेज येते, ते त्याच्यामागे राहिलेल्यांना चित्राबाहेर ठेवल्यामुळे येते. एक्सेकियासच्या चित्रात टेक्मेसा नाही. युद्धात जिंकून आणलेली, अ‍ॅजॅक्सच्या मुलाची आई झालेली ही स्त्री त्याच्या मृत्यूबरोबर पुन्हा कोणाच्या तरी मालकीची वस्तू होण्याची शक्यता आहे. अ‍ॅजॅक्सच्या स्वातंत्र्याची किंमत तिने मोजायची आहे.

कॅलिफोर्नियातील गेटी संग्रहालयात असलेल्या एका चषकाने नेमके हेच ध्यानात घेतले आहे. इ.स.पू. ४९० ते ४८० च्या दरम्यानचा हा तांबड्या आकृतींचा चषक 'ब्रिगोस चित्रकारा'चा मानला जातो. हे त्याचे खरे नाव नव्हे. ज्या ब्रिगोस नावाच्या कुंभाराबरोबर त्याने काम केले त्याच्यावरून अभ्यासकांनी ते दिले आहे. चषकाच्या बाहेरच्या बाजूंवर शस्त्रांवरून पेटलेला कलह आणि खडे टाकून झालेले मतदान आहे. आतल्या वर्तुळात अ‍ॅजॅक्स मरून पडला आहे, तलवार देहातून आरपार गेली आहे आणि टेक्मेसा धावत येऊन हाती धरलेले वस्त्र त्याच्यावर पसरत आहे. सॉफोक्लीझच्या 'अ‍ॅजॅक्स' नाटकातही टेक्मेसा मृतदेह झाकते. पण हा चषक त्या नाटकाच्या काही दशके आधीचा आहे. म्हणून त्याला नाटकाचे सचित्र रूप समजता येणार नाही.

चषकाच्या घडणीचा येथे विचार करणे आवश्यक आहे. मद्य भरलेले असताना आतले चित्र काळसर द्रवाखाली असते. पिणारा जसजसा पीत जातो तसतसे ते उघडे पडते. म्हणजे प्रेतावरचे आच्छादन दूर करण्याचे काम पिणाराच करीत असतो आणि नेमके त्याच वेळी टेक्मेसा ते घालत असते. दोन विरुद्ध दिशांच्या या कृती एकाच ठिकाणी येऊन भिडतात. पिणाऱ्याला प्रेत दिसते. पण ते दिसू नये म्हणून धडपडणारी स्त्रीही त्याच दृष्टिक्षेपात दिसते. आपले पाहणे कोणाच्या तरी इच्छेविरुद्ध चालले आहे, याची जाणीव चित्राने पाहण्याच्या क्रियेतच बसवली आहे. लिऑन्टियसला आपल्या डोळ्यांची लाज वाटली ती प्रेतापाशी पोचल्यावर. येथे तीच लाज चित्राचा एक घटक झाली आहे, आणि ती मृताच्या आप्ताकडून आलेली असल्यामुळे केवळ आत्मनिंदेवर थांबत नाही. तिला एक दिशा आहे: या देहावर कोणाचा तरी अधिकार आहे आणि तो पाहणाऱ्याचा नाही.

झाकण्याचे हे तत्त्व ग्रीक चित्रकलेत अन्यत्रही दिसते. टिमँथीसच्या इफिजेनियाच्या बळीच्या चित्रात इतर सर्वांच्या चेहऱ्यांवर शोक रंगवलेला होता आणि पिता अ‍ॅगमेम्नॉनचा चेहरा मात्र वस्त्राने झाकलेला होता, असे प्राचीन लेखक सांगतात. शोकाची पराकाष्ठा रंगवणे अशक्य म्हणून तो झाकला, असे त्यांचे स्पष्टीकरण. चेहऱ्याची विरूपता सौंदर्याला बाधक म्हणून तो झाकला, असे लेसिंगचे. दोन्ही स्पष्टीकरणे कलेच्या अडचणीभोवती फिरतात. अ‍ॅगमेम्नॉन हा केवळ शोकाकुल पिता नसून त्या बळीला संमती देणारा सेनापतीही आहे, याकडे दोन्हींत दुर्लक्ष होते. झाकणे कधी दुःखाचा आदर असतो, तर कधी अपराध्याला मिळालेला आडोसा. तेव्हा झाकणाऱ्या प्रत्येक कृतीला नैतिक मूल्य आहे असे मानणे चूक ठरेल. कोण, कोणाला, कोणापासून झाकतो, हे प्रत्येक वेळी विचारावे लागेल.

नेपल्सच्या पुरातत्त्व संग्रहालयातील हायड्रिया हा प्रश्न आणखी पुढे नेते. नोला येथील थडग्यात सापडलेली आणि इ.स.पू. ४८० च्या सुमाराची ही घागर 'क्लेओफ्राडीस चित्रकारा'ने रंगवली आहे. तिच्या खांद्याभोवती ट्रॉयच्या विध्वंसाची रात्र पसरलेली आहे. मध्यभागी वृद्ध प्रायम यज्ञवेदीवर बसला आहे. मांडीवर नातवाचे जखमांनी भरलेले प्रेत आहे. नीऑप्टोलेमस त्याच्यावर तलवार उगारून उभा आहे आणि प्रायमने दोन्ही हात डोक्यावर धरले आहेत. शेजारी लोक्रिसचा अ‍ॅजॅक्स (आत्महत्या करणाऱ्या अ‍ॅजॅक्सहून हा निराळा) अथीनेच्या मूर्तीला बिलगलेल्या कॅसँड्रेला ओढत आहे. एक ट्रोजन स्त्री मुसळ घेऊन ग्रीक योद्ध्यावर तुटून पडली आहे. कडेला इनीयस आपल्या पित्याला घेऊन निसटतो आहे.

येथे झाकणारा स्वतः दुःखभोगीच आहे. प्रायमच्या हातांना तलवार अडवता येणार नाही. मारणाऱ्याला किंवा पाहणाऱ्याला आपला चेहरा मिळू न देणे एवढेच त्या हातांना शक्य आहे. उलट अपराध्यांना मात्र कोणताही आडोसा नाही. वेदीवर शरण बसलेल्याचा वध आणि देवतेच्या मूर्तीपासून स्त्रीला खेचून नेणे ही ग्रीकांच्या दृष्टीने घोर पापे होती, आणि ती करणारे ग्रीकच आहेत. या घागरीच्या काळातच, इ.स.पू. ४८० मध्ये, पर्शियनांनी अथेन्स जाळले आणि तेथील देवळे उद्ध्वस्त केली. चित्र त्या घटनेच्या आधीचे की नंतरचे हे ठरवण्यावर येथे काही अवलंबून नाही. शत्रूच्या क्रौर्याच्या कथा सहज सुचाव्यात अशा काळात एका ग्रीक चित्रकाराने आपल्या पूर्वजांचे क्रौर्य रंगवले आणि मुसळ उचलणाऱ्या शत्रुस्त्रीला वीराची ऐट दिली, एवढे पुरेसे आहे.

या विवेचनावर दोन आक्षेप संभवतात. पहिला इतिहासाचा. हे चित्रकार अथेन्सच्या कुंभारवाड्यात काम करणारे कारागीर होते. ठरीव प्रसंग ठरीव पद्धतीने रंगवणे हा त्यांचा व्यवसाय होता. त्यांचा बराच माल इटलीतील इट्रस्कन ग्राहकांकडे जात असे. त्यांच्यावर नैतिक चिंतनाचा आरोप करणे ही आधुनिक समीक्षकाची हौस नव्हे काय? आक्षेप दुर्लक्षणीय नाही. पण तो चित्रकाराच्या मनाविषयी आहे, चित्राविषयी नाही. संकेत जितका ठरीव, तितके त्यापासूनचे विचलन अर्थपूर्ण असते. तलवारीवर पडलेल्या देहाचा संकेत उपलब्ध असताना एक्सेकियासने माती दाबणारे हात रंगवले, तेव्हा काय काढून टाकले गेले आणि काय आणले गेले हे चित्रावरूनच ताडून पाहता येते. त्यासाठी त्याच्या मनात शिरण्याची गरज नाही.

दुसरा आक्षेप रससिद्धांताच्या बाजूने येईल. अभिनवगुप्ताने स्वतःच्या सुखदुःखात गुंतून पडणे हे रसास्वादातील एक विघ्न मानले आहे. आस्वादात दुःख व्यक्तीपासून सुटून साधारण होते. म्हणून प्रेक्षकाला मिळणारा करुणाचा आस्वाद हा लौकिक शोक नसतो, आणि त्याला लौकिक नीतीचे प्रश्न विचारणे अप्रस्तुत आहे. रा. भा. पाटणकरांनी 'सौंदर्यमीमांसे'त कलाविचाराचे लौकिकतावादी आणि अलौकिकतावादी असे दोन ध्रुव दाखवून दिले आहेत; त्यांपैकी अलौकिकतावादी ध्रुवाचा हा आक्षेप आहे. त्याला उत्तर देताना साधारणीकरण नाकारण्याचे कारण नाही. टेक्मेसेचे दुःख पाहणाऱ्यापर्यंत पोचते ते साधारणीकरणामुळेच. प्रश्न असा, की साधारणीकरणात व्यक्तीची खासगी लेबले गळून पडावीत, की तिचा हक्कही गळून पडावा? पॉलिक्झेनेच्या चित्रात नाव टिकले आणि हक्क गेला. ब्रिगोस चित्रकाराच्या चषकात नाव ठाऊक नसलेल्या इट्रस्कन पिणाऱ्यालाही एवढे दिसू शकते, की कोणीतरी कोणाला तरी झाकते आहे. कथा न कळूनही अधिकार कळतो. साधारणीकरणाचा हा अर्थ घेतला तर ते नीतीच्या आड येत नाही. उलट परक्यापर्यंत नीतीची मागणी पोचवणारे ते माध्यम ठरते.

सॉफोक्लीझच्या नाटकाच्या आरंभी भ्रमिष्ट अ‍ॅजॅक्सचा तमाशा पाहण्यासाठी अथीना ओडिसियसला बोलावते आणि शत्रूला हसण्यासारखे दुसरे सुख नाही असे सुचवते. ओडिसियस पाहतो, पण हसत नाही. अ‍ॅजॅक्सची कीव येत असता त्याला त्यात स्वतःची स्थितीही दिसते. लिऑन्टियस आणि ओडिसियस दोघेही पाहतात. पाहण्याचे टाळून कोणी नीतिमान होत नाही. ज्याने ट्रॉयची रात्र पाहिलीच नाही, तो प्रायमच्या बाजूने काही बोलूही शकत नाही. दोघांत भेद पडतो तो पाहिल्यानंतरच्या जबाबदारीने. नाटकाच्या शेवटी अ‍ॅजॅक्सला मूठमाती मिळावी म्हणून त्याच्या सोयऱ्यांच्या बरोबरीने जो बोलतो, तो त्याचा हा शत्रूच.

परदुःखाच्या कलेला आणि तिच्या समीक्षेला यातून काही निकष मिळतात. दुःख किती उघडे दाखवले, यावर कलाकृतीचे धैर्य मोजता येत नाही आणि किती झाकले, यावर तिची सभ्यता मोजता येत नाही. दुःखभोग्याकडे कर्तेपण राहिले का, अपराध्याला आडोसा मिळाला का, आणि पाहणाऱ्याला आपल्या पाहण्याचा जाब विचारला गेला का, हे तीन प्रश्न विचारावे लागतात. सुंदर रेषा या प्रश्नांची उत्तरे देऊ शकते, म्हणूनच सौंदर्याला येथे महत्त्व आहे. रेषा सुंदर आहे म्हणून प्रश्नच उरत नाहीत, असे मात्र होत नाही. पॉलिक्झेनेच्या अँफोऱ्यावरची रेषाही कुशल आहे.